चुकता येईल असा लॅपटॉप

"आणि रॅम? सोळा जीबी तरी लागेलच ना, भंते?"

भंते उपसेन मान खाली घालून बोर्डाची एक वाकलेली पिन चिमट्याने सरळ करत होते.

"कशासाठी?"

"छंदासाठीच. मघाशी म्हटलं ना, मायक्रोकंट्रोलर शिकायचाय. उगाच महागडा लॅपटॉप नको. स्वस्तातला, पण चांगला."

"सोळा कशासाठी, असं विचारलं मी."



लॅपटॉपचं विचारणारे हे पाहुणे म्हणजे डॉ. श्रीरंग मोहरील. नागपुरात डोळ्यांचे सर्जन म्हणून त्यांचं नाव मोठं. त्यांच्या हातून ऑपरेशन व्हावं म्हणून लोक महिना महिना थांबत. गेल्या दिवाळीनंतर त्यांनी ऑपरेशनं करणं अचानक बंद केलं. विचारणाऱ्यांना सांगितलं, पुरे झालं आता, थोडं स्वतःसाठी जगू दे.

स्वतःसाठी जगायचं म्हणजे काय करायचं, हे ठरवायला वेळ लागला. लहानपणी त्यांनी रेडिओ उघडून पाहिले होते. तीच आवड पुन्हा धरावी असं वाटलं. बोटाएवढा बोर्ड, त्यात आपण लिहिलेला प्रोग्रॅम, आणि त्या प्रोग्रॅमने लागणारा दिवा. हे त्यांनी मोबाइलवर पाहिलं आणि मन लागलं. आधी लॅपटॉप घ्यायचा, मग सुरुवात करायची, असं ठरलं.

तेव्हापासून ते लॅपटॉपच शोधत होते.

भंते उपसेन चीवर धारण करण्याआधी तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकवत असत. नोकरी संपल्यावर भिक्खू झाले, वैनगंगेकाठच्या या टेकडीवर विहारात राहू लागले. शिकवणं मात्र सुटलं नाही. विहारामागच्या खोलीत रविवारी आसपासच्या गावांतली मुलं-मुली येत, बोर्ड जोडत, दिवे लावत, पाण्याच्या टाकीवर घंटा बसवत. एका जुन्या पेशंटकडून डॉक्टरांना हे कळलं आणि ते गाडी काढून आले.

आल्यावर त्यांनी वाकून वंदन केलं, पण हात जोडले नाहीत. दोन्ही हात कोटाच्या खिशात होते. ते तिथेच राहिले.

डिसेंबरचं ऊन ओसरीत चांगलं तापलं होतं.

"प्रोसेसर तरी नवा हवा," डॉक्टर म्हणाले. "जुन्या पिढीचा घेऊन पुढे पस्तावायला नको."

"बोर्डावरची चिप तुमच्या मनगटी घड्याळाहून फार हुशार नसते, डॉक्टर. तिच्यासाठी चार ओळी लिहायच्या आणि तिच्यात पाठवायच्या. तेवढं कुठलाही लॅपटॉप करतो."

"तरी ग्राफिक्सचं वेगळं कार्ड…"

"दिवा एकच लावायचाय ना?"

डॉक्टरांना ते लागलं. त्यांचा चेहरा किंचित ताठ झाला.

"भंते, मी आयुष्यात कधी ढिसाळ साधन हाती धरलं नाही. माझी हत्यारं जर्मनीहून यायची. साधन चांगलं असलं की निम्मं काम झालं, असं मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगत आलो."

"बरोबर सांगत आलात."

"मग मला चांगलं साधन सुचवा."

"अजून सांगता येत नाही."

"का?"

भंतेंनी पिन उन्हात धरून पाहिली. सरळ झाली नव्हती. पुन्हा चिमटा लावला.

"कोणासाठी ते कळलं नाही."

"माझ्यासाठी."

"हं…"

एक खार ओसरीच्या कठड्यावरून पळत गेली. दोघांनीही तिच्याकडे पाहिलं.

मग डॉक्टरांनी खुलासा केला. त्यांना मोठा लॅपटॉप हवा होता तो सिम्युलेटरसाठी. सगळं पडद्यावरच करता येतं म्हणे. बोर्ड पडद्यावर, तारा पडद्यावर, सेन्सर पडद्यावर. माउसने ओढायचं आणि जोडायचं. घरात पसारा नाही, तारांना डाग देणं नाही, काही नाही. त्यासाठी मात्र ताकदीचं मशीन पाहिजे.

भंतेंनी चिमटा थांबवला.

"म्हणजे दिवा पडद्यावर लागणार."

"हो."

"आणि उजेड?"

डॉक्टर हसायला गेले, पण हसू पुरतं आलं नाही.

"छंदच आहे, भंते. उजेड नाही पडला तरी चालेल."

भंते उठले. आतून आपला लॅपटॉप घेऊन आले आणि ओसरीतल्या चौरंगावर ठेवला. काळा, जाड, कोपरे घासलेला. कुठल्याशा कचेरीने काढून टाकलेला. झाकणाची एक बिजागरी तुटलेली होती आणि मागे लाकडाची पट्टी टेकवून झाकण उभं केलं होतं. बॅटरी कधीच गेली होती, वायर लावल्याशिवाय तो चालत नसे.

डॉक्टरांनी त्याच्याकडे पाहिलं. ज्या नजरेने ते पूर्वी गंजलेली हत्यारं पाहत, त्याच नजरेने.

"यावर शिकवता?"

"यावर शिकतात. सात-आठ वर्षांचा जुना, कचेरीत वापरलेला, असा लॅपटॉप कुणालाही पुरतो. रॅम आठ असली की झालं. आत फिरणारी हार्ड डिस्क नको, एसएसडी हवी. यूएसबीची भोकं घट्ट असावीत, केबल लावून हलवून बघायची, ढिली वाटली तर तो लॅपटॉप सोडायचा. आणि केबल नुसती चार्जिंगची घेऊ नका, माहिती नेणारी घ्या. नवशिके तिथेच दोन दिवस घालवतात आणि लॅपटॉपला दोष देतात."

"एवढंच?"

"आणखी एक. ज्याचं यूएसबी पोर्ट जळलं तरी तुम्ही नीट जेवाल, असा घ्या."

"जळतं?"

"तार बोर्डाच्या चुकीच्या भोकात गेली की कधी कधी जळतं."

"माझ्याकडून तार चुकीच्या भोकात जाणार नाही," डॉक्टर म्हणाले.

हे त्यांनी फार पटकन म्हटलं. त्यांचं त्यांनाच ते जाणवलं.

भंते बोर्डावरचे बारीक आकडे वाचायचा प्रयत्न करत होते. बोर्ड डोळ्यांजवळ नेला, मग लांब धरला, मग मान उजवीकडे कलती करून उजव्या डोळ्याने पाहिला. हे सारं त्यांनी सवयीने केलं, जसं कोणी चष्मा पुसतो.

डॉक्टरांची नजर बदलली. इतका वेळ ते पाहुणे होते, आता ते दवाखान्यात बसले होते.

"उजेडाकडे पाहा जरा, भंते. नाही, मान तशीच ठेवा. खाली पाहा… आता समोर."

भंतेंनी सांगितलं तसं केलं.

"डाव्या डोळ्याने माझा चेहरा दिसतो?"

"चेहरा आहे एवढं दिसतं."

"दिवसा उजेडात धुकं वाटतं? दिव्याभोवती वर्तुळं?"

"दोन वर्षं झाली असतील."

"मोतीबिंदू पूर्ण पिकलाय. इतके दिवस थांबायलाच नको होतं. आता आणखी टाळू नका, नंतर काढायला अवघड जातं. पण काळजीचं कारण नाही. लेन्स घातली की दुसऱ्या दिवशी वाचायला लागाल. तुम्ही नागपूरला या. पैशाबिशाचा विषय काढायचा नाही. मी स्वतः करून दे…"

वाक्य तिथेच थांबलं.



"कधी येऊ?" भंतेंनी विचारलं.

 डॉक्टर कठड्यापलीकडच्या पळसांकडे पाहत राहिले. खिशातल्या हातांच्या मुठी वळलेल्या होत्या, ते कोटाच्या कापडावरून कळत होतं.

"सोमवारी येऊ?"

"भंते…"

"मंगळवारी?"

"मी आता करत नाही."

"तुम्ही स्वतः म्हणालात."

"तोंडातून गेलं. तीस वर्षांची सवय आहे."

 भंतेंनी हातातला चिमटा खाली ठेवला आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून बसून राहिले.

विहाराच्या आत कुणीतरी झाडत होतं. केरसुणीचा आवाज येत राहिला, मग थांबला.

डॉक्टरांनी हळूहळू हात खिशातून बाहेर काढले. ते समोर धरले. दोन्ही थरथरत होते. उजवा जास्त.

"हे असं आहे," ते म्हणाले.

"कधीपासून?"

"आधी थोडं होतं. मी चहा सोडला, कॉफी सोडली. वाटलं, जागरणाने होत असेल." त्यांनी हात खाली घेतले, पण खिशात घातले नाहीत. "एका बाईंच्या डोळ्यावर काम करत होतो. सूक्ष्मदर्शकातून सगळं मोठं दिसतं, भंते. केस दोरखंडासारखा दिसतो. त्यात माझ्या हत्याराचं टोक हललं. काही झालं नाही. काहीसुद्धा झालं नाही, त्यांचा डोळा उत्तम आहे. पण मी ते टोक हलताना पाहिलं."

"मग?"

"हत्यार ठेवलं. माझी सहकारी आहे, मृण्मयी उईके, माझ्याच हाताखाली तयार झाली. तिला म्हटलं, पुढचं तू कर. पाठीत उसण भरलीय."

"पाठीत."

"हो. दवाखान्यात सगळ्यांना अजून पाठच वाटते. मृण्मयी फोन करते. पाठ कशी आहे विचारते. हल्ली मी तिचा फोन घेत नाही."

"आणि घरी?"



"शुभदा… माझी बायको. हल्ली ती माझा कप अर्धाच भरते."

"काही म्हणाली?"

"नाही. मीही नाही म्हणालो. अर्धा भरते, मी पितो, मग ती पुन्हा अर्धा भरते."

 डॉक्टरांनी तोंड फिरवलं. भंतेंनी त्यांच्याकडे न पाहता आपला पाण्याचा तांब्या त्यांच्या बाजूला सरकवला. डॉक्टरांनी तो उचलला नाही.

मग भंते म्हणाले, "आता लॅपटॉप सांगता येईल."

डॉक्टरांनी वळून पाहिलं.

"पातळ, नाजूक लॅपटॉप घेऊ नका. त्याच्या कळांवर बोट नुसतं टेकलं तरी अक्षर उमटतं. तुमचं एक अक्षर तीनदा उमटेल आणि तुम्ही चिडाल. कचेरीतले जुने जाड येतात ना, ज्यांची कळ खोल दाबावी लागते, तसा बघा. त्याच्या मधोमध एक लाल गोळी असली तर आणखी बरं. बोट तिच्यावर टेकवून ठेवता येतं, बाण पळत नाही. एकच अक्षर पुन्हा पुन्हा उमटू नये म्हणून आत एक सोय असते, ती मी लावून देईन. अक्षरं मोठी करून घेऊ. आणि तारा टोकाला जाड असलेल्या वापरू."

डॉक्टर ऐकत होते. गेल्या काही आठवड्यांत त्यांनी लॅपटॉपविषयी खूप ऐकलं होतं, पण त्यांच्या हातांविषयी कुणीच काही सांगितलं नव्हतं. सांगणार तरी कसं?

"पण तारा धरणार कोण?" त्यांनी विचारलं.

भंतेंनी एक छोटा सेन्सर उचलला. नखाएवढा. चार तारांनी तो बोर्डाला जोडलेला होता आणि बोर्ड केबलने लॅपटॉपला. त्यांनी तो सेन्सर डॉक्टरांच्या उजव्या तर्जनीवर कागदी पट्टीने चिकटवला.

"हात समोर धरा."

पडद्यावर एक हिरवी रेघ धावू लागली. दातेरी. वर, खाली, वर, खाली.

"हे…"

"तुमचा हात."

डॉक्टर बघत राहिले. आधी त्यांचा चेहरा आवळलेला होता. मग हळूहळू ते पुढे झुकले. भुवया जवळ आल्या. रेघेत त्यांना काही दिसू लागलं असावं.

"ताल आहे याला," ते पुटपुटले. "बराचसा सारखाच वेग आहे."

"श्वास सोडा."

त्यांनी श्वास सोडला. दाते थोडे लहान झाले. पुन्हा श्वास घेतला तसे मोठे झाले. त्यांनी ते तीन-चारदा करून पाहिलं. इतक्या दिवसांत ते आपल्या हाताकडे पाहणं टाळत आले होते. आता ते पडद्यावरून नजर काढेनात.

भंतेंनी पट्टी सोडवली आणि सेन्सर आपल्या बोटाला लावला. हात पुढे केला. बाहेरून पाहणाऱ्याला तो हात दगडी मूर्तीच्या हातासारखा दिसला असता.

रेघ सपाट झाली नाही. बारीक, पण थरथरतच धावत राहिली.

डॉक्टरांनी एकदा रेघेकडे पाहिलं, एकदा त्या हाताकडे.

भंतेंनी सेन्सर काढून फरशीवर ठेवला. फरशी शहाबादी होती, खाली टेकडीचा खडक.

रेघ आणखी बारीक झाली. तरी हलत होती.

"हे तर जमिनीवर आहे," डॉक्टर म्हणाले.

"हो."

"मग हलतं काय?"

"जमीन हलते की सेन्सर चुकतो, मला सांगता येत नाही."

डॉक्टर बराच वेळ त्या रेघेकडे पाहत बसले. मग त्यांच्या मनात जे आलं ते त्यांनी घाईने विचारलं, जणू उशीर केला तर विचारायचा धीर राहणार नाही.

"म्हणजे मी सोडायला नको होतं? सगळ्यांचाच हात हलतो, तर…"

"नाही." भंतेंचा आवाज पहिल्यांदाच कडक झाला. "तुम्ही सोडलंत ते बरोबर केलंत. हात हलताना दिसला आणि तुम्ही हत्यार खाली ठेवलंत. ते सोपं नव्हतं. डोळ्यात चुकता येत नाही."

डॉक्टरांनी मान खाली घातली.

"मग माझ्या हातांचं आता काय करायचं, भंते?"

भंतेंनी तारा खोचायची भोकाभोकांची पांढरी पट्टी पुढे सरकवली. तिच्यात तोच बोर्ड खोचलेला होता. शेजारी एक लाल दिवा आणि दोन तारा ठेवल्या.

"इथं चुकता येतं."



"पडद्यावरसुद्धा चुकता येतं," डॉक्टर म्हणाले.

"तिथं चुकलात तर काही जात नाही. मग कळतही नाही. इथं थोडं जातं."

डॉक्टरांनी तार उचलली.

पहिल्यांदा ती भोकाच्या बाजूला टेकली. दुसऱ्यांदा आत जाता जाता वाकली. त्यांनी ती काढली, सरळ केली. डाव्या हाताने उजवं मनगट धरलं. आता दोन्ही हात एकत्र थरथरू लागले. कपाळावर घाम आला. भंते हातभर अंतरावर बसले होते. त्यांनी हात पुढे केला नाही. इथे लावा, तिथे लावा, असंही म्हणाले नाहीत.

तार आत गेली.

"गेली," डॉक्टर म्हणाले. लहान मुलासारखं.

मग त्यांनी दुसरी तार घेतली. ती पहिलीइतकी हट्टी नव्हती. सरळ गेली, एका भोकाने चुकून.

चट् असा आवाज झाला. जळक्या प्लॅस्टिकचा वास आला. बोर्डावरचा बारीक दिवा विझला आणि त्यापाठोपाठ लॅपटॉपचा पडदाही काळा झाला.

डॉक्टरांनी हात झटकून मागे घेतले.

"काय झालं? भंते, काय झालं?"

"पाहू."

"बिघडला?"

"पाहू ना."

"मुलं यावर शिकतात. रविवारी येतील ती. मी… मी नवीन आणून देतो. आजच आणतो. तुम्ही सांगाल तो. मला हे करायलाच नको होतं, मला माहीत होतं, मला…"

"डॉक्टर, श्वास सोडा."

भंतेंनी चुकलेली तार काढली. केबल काढली. लॅपटॉपची कळ दाबून धरली. काही झालं नाही. ते थांबले. पुन्हा दाबली. आत कुठेतरी पंखा फिरू लागला आणि पडदा उजळला.

डॉक्टरांनी इतका वेळ रोखलेला श्वास सोडला.

भंतेंनी केबल पुन्हा त्याच पोर्टात लावली. बोर्डाचा दिवा लागला नाही. काढून पुन्हा लावली. नाही लागला.

"हे पोर्ट गेलं," ते म्हणाले.

"गेलं…"

"हो."

"आणखी किती आहेत?"

"एक."

भंतेंनी लॅपटॉप वळवला आणि केबल दुसऱ्या बाजूच्या पोर्टात लावली. बोर्डाचा बारीक दिवा हिरवा झाला. मग त्यांनी तीच तार उचलून डॉक्टरांपुढे धरली.

डॉक्टरांनी ती घेतली नाही.

"नको, भंते. हेही गेलं तर?"

भंतेंनी हात मागे घेतला नाही. तार तशीच पुढे धरून बसले. ती तार हलत होती. अगदी बारीक, पण हलत होती. डॉक्टरांना ते आता दिसलं.

त्यांनी ती घेतली.

या खेपेला ते घाई करत नव्हते. तार भोकाजवळ नेली आणि थांबले. हात थरथरत होता, तो थरथरू दिला. भोकं मोजली. पुन्हा मोजली. श्वास सोडला, आणि श्वास संपता संपता, जिथे दाते लहान होतात असं त्यांनी मघाशी पाहिलं होतं, त्या क्षणी तार खाली दाबली.

मग दिव्याचे दोन पाय. एक वाकला. तो सरळ करायला बराच वेळ गेला. ऊन ओसरीच्या कडेपर्यंत सरकलं.

लाल दिवा लागला. विझला. लागला. विझला.

ओसरीत भर दुपारचा उजेड होता, त्यामुळे तो दिवा फारसा दिसतही नव्हता. डॉक्टरांनी त्याच्यावर तळहाताची सावली धरली. सावलीत त्यांचा तळवा लाल होत होता, पुन्हा साधा होत होता.

त्यांच्या गालांवरून पाणी ओघळलं, ते त्यांनी पुसलं नाही.

भंते पळसांकडे बघत बसले होते.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. डॉक्टरांनी हात बाजूला घेतला. तांब्या दोन्ही हातांनी उचलून पाणी प्यायले. थोडं कोटावर सांडलं. त्यांनी तिकडे लक्ष दिलं नाही.

मग खिशातून मोबाइल काढला. नाव शोधायला दोनदा चुकले, तिसऱ्यांदा सापडलं.

"मृण्मयी… हो, मीच. नाही गं, पाठ ठीक आहे. पाठीला काही झालंच नव्हतं." ते थांबले. "माझे हात थरथरतात. दिवाळीच्याही आधीपासून. त्या दिवशी ऑपरेशन तुला सोपवलं ते त्यामुळे… ऐक, रडू नकोस. मी बराय. एक पेशंट आहेत. पूर्ण पिकलेला मोतीबिंदू, डावा डोळा. आमचे… माझे शिक्षक आहेत. तू करशील का?"

पलीकडून काहीतरी बराच वेळ बोललं गेलं. डॉक्टर ऐकत होते. दोनदा हो म्हणाले, एकदा नाही म्हणाले. मग फोन ठेवला.

"गुरुवारी," त्यांनी भंतेंना सांगितलं. "ती करेल. चांगली आहे ती. खरं सांगायचं तर गेल्या दोन वर्षांत माझ्याहून चांगली झाली होती, मला ते कबूल करायचं नव्हतं."

"बरं."

"पण इतका पिकलेला डोळा तिने एकटीने कधी केलेला नाही. घाबरलीय. म्हणाली, सर, तुम्ही थिएटरमध्ये हवेत."

"मग?"

"मी येतो म्हटलं. तिच्या शेजारी उभा राहीन."

भंतेंनी आपला धूसर डावा आणि नितळ उजवा, असे दोन्ही डोळे डॉक्टरांकडे वळवले.

"शेजारी उभं राहून काय कराल?"

डॉक्टर विचार करत राहिले. हत्यारं पुढे करायला नर्स असते. डोळा सूक्ष्मदर्शकातून तिला दिसणार. कुठे चिरायचं, किती चिरायचं, हे तिला ठाऊक आहे. टोक हललं, तर ते तिच्या हातातलं असणार. आपल्या हाती काय उरतं, हे ते शोधत होते, आणि त्यांना काही सापडत नव्हतं.

"काहीच नाही," ते शेवटी म्हणाले.

 भंतेंनी विचारलं,

"जमेल?"